पयलीं पत्रो, मागीर रंग

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

या वेळी तीन पत्रांना उत्तरं देतो आहे. पहिल्या पत्रातल्यासारखी तक्रार पावसाळ्यात मला दर आठवड्याला कुणी ना कुणी फोनवर सांगतं, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : आमच्या बाबांची १९७१ ची फियाट ११०० आहे. जीडीने सुरू होणारा जुना नंबर अजून तसाच आहे. बाबा गेल्यावर सात वर्षं ती शेडखाली उभी होती. आम्ही तिघा भावंडांनी पैसे काढून ती एका गॅरेजात दिली. तीन महिने सांगितले होते, अकरा लागले. दोन लाख पंचाहत्तर हजार रुपये दिले. गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती सुंदर दिसत होती. या जूनमध्ये पावसाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच खालच्या बाजूला रंगाला फोड आले. पुढच्या चाकाच्या मागे तर फोडांची सरळ ओळच आहे. डावं पुढचं दार उचलून लावावं लागतं. मॅटखाली पाणी साचतं. गॅरेजवाले म्हणतात, "ताई, जुनी गाडी आहे, गंज येणारच." आमची फसवणूक झाली का? गाडी चालवायला सुरक्षित आहे का? आणि आता काय करायचं? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. गाडी तूर्त चालवू नका. देवळात जायला नको, पेट्रोल भरायलाही नको. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं एकाच जागेकडे बोट दाखवतात : दाराखालची ती लांब पोकळ पट्टी, जिला आम्ही सिल म्हणतो.

फोडांची सरळ ओळ, एवढं वाचूनच मी पत्र खाली ठेवलं. रंग मारताना पत्रा ओलसर राहिला, तेलकट हात लागला, तर फोड येतात. पण ते घामोळ्यासारखे विखुरलेले असतात. सरळ ओळ येते ती जोडाची. कुजलेला पत्रा न कापता त्याच्यावर नवी पट्टी ठेवली, कडेने वेल्डिंग मारलं, ग्राइंडर फिरवला, वर पुट्टी ओढली, की त्या पट्टीची कड पुढच्या पावसात अशी वर दिसते. मी गाडी पाहिलेली नाही, म्हणून खात्री कशी करायची ते पुढे सांगतो. पण चाळीस वर्षं पत्रा ठोकल्यावर काही खुणा ओळखीच्या होतात.

"जुनी गाडी आहे, गंज येणारच" हे मला मान्य नाही. अकरा महिने गाडी ठेवून घेतली ती गंज काढण्यासाठीच ना? गंज काढून, नवा पत्रा नीट बसवून, आतून-बाहेरून बंद केलेला जोड गोव्याच्या पावसातही वर्षानुवर्षं टिकतो. दहा महिन्यांत फुगतो तो झाकलेला गंज.

आता सुरक्षिततेचं. जीपला किंवा स्टँडर्ड हेराल्डला खाली वेगळी चॅसिस असते, बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. तिथे बॉडीचा पत्रा सडला तर गाडी कुरूप होते, पण उभी राहते. फियाट आणि अॅम्बॅसडरचं तसं नाही. त्यांना वेगळी चॅसिसच नाही; फ्लोअर, सिल, दारांचे खांब, टॉप, सगळं मिळून एकच पेटी. आपल्याकडे लग्नात द्यायची ती पत्र्याची ट्रंक आठवा. पत्रा किती पातळ! तरी कपड्यांनी गच्च भरलेली ट्रंक दोघं उचलतात आणि ती वाकत नाही, कारण तिच्या कडा दुमडलेल्या असतात. तिची खालची एक कड कापून बघा. झाकण बसायचं बंद होईल. तुमचं दार उचलून लावावं लागतं त्याचं कारण हेच असावं. बिजागर झिजलं असेल तरी दार लोंबतं, ते आधी तपासा : दार उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरात खडखड वाटली तर दोष पिनेचा. बिजागर घट्ट असून दार बसत नसेल, तर दाराची चौकटच वाकली आहे. म्हणजे गाडी मधून बसते आहे.

माझे मेस्त्री फोंड्याचे. शिकवताना फारसं बोलत नसत, पण रंगवाला पुढे येऊन उभा राहिला की एक वाक्य ठरलेलं : "पयलीं पत्रो, मागीर रंग." म्हणजे आधी पत्रा, मग रंग. त्यांच्या हाताखाली मी १९८३ साली लागलो. तरीही एकदा मी त्यांचं ऐकलं नाही, आणि ते इथे लिहिणं माझं कर्तव्य आहे. १९८९ साली एका अॅम्बॅसडर टॅक्सीचं फ्लोअर माझ्याकडे आलं. मालकाला पासिंगची घाई, पैसे कमी. मी कुजलेल्या फ्लोअरवर पत्रा ठेवून रिव्हेट मारले, वर डांबर फासलं आणि गाडी दिली. चार महिन्यांनी उतारावर ब्रेक मारताना ड्रायव्हरची सीट रुळासकट फ्लोअरमधून उपटली आणि तो स्टिअरिंगवर आदळला. दोन बरगड्या मोडल्या. मी त्याला भेटायला इस्पितळात गेलो तेव्हा त्याने मला काही म्हटलं नाही, माझाच घसा बसला होता. त्या दिवसापासून सडलेल्या पत्र्यावर मी पत्रा ठेवलेला नाही. म्हणून मला तुमच्या गाडीची काळजी वाटते; दिसण्याची नंतर, आत बसणाऱ्या माणसांची आधी.

खात्री अशी करा. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक घ्या, रंगाला ओरखडा नको म्हणून पातळ फडक्यात गुंडाळा, आणि आधी टॉपवर लावा. टॉपवर सहसा पुट्टी कमी असते, त्यामुळे चुंबक कसं खटकन ओढलं जातं याचा हाताला अंदाज येईल. मग तेच चुंबक सिलवर, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या चार बोटांवर फिरवा. जिथे ओढ मंद झाली तिथे पुट्टी जाड. जिथे चुंबक सरळ खाली पडलं, तिथे पत्रा एक तर फार खोल आहे किंवा नाहीच. बोटाच्या पेराने टकटक करा : पत्र्याचा आवाज मोकळा येतो, पुट्टीचा भिंतीवर ठोकल्यासारखा बद्द.

रात्र झाली की मॅट आणि रबर काढा, एकाला आत फ्लोअरवर जोरदार टॉर्च धरून बसवा आणि तुम्ही बाहेरून खाली वाकून बघा. वेल्डिंगच्या रेषेत सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर मॅटखालचं पाणी कुठून येतं त्याचं उत्तर मिळालं. प्रकाश दिसला नाही तर काचेचं रबर तपासा, जुन्या फियाटमध्ये पुढच्या काचेचं रबर कडक होऊन तिथूनही पाणी डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं. फ्लोअर कोरडं करून पावडर भुरभुरवा, बाहेरून नळीने पाणी सोडा. पावडरीवर ओघळ कुठून सुरू होतो ते दिसेल.

शेवटची परीक्षा मेकॅनिकला बोलावून करा, एकट्याने नको. पुढची एक बाजू सस्पेन्शनच्या भक्कम जागी जॅक लावून चाक सुटेपर्यंत उचलायची, आणि दार उघडून लावून बघायचं. निरोगी फियाटचं दार जमिनीवर असताना लागतं तसंच तेव्हाही लागतं. दाराची फट वर-खाली सारखी राहिली नाही, कुलूप जुळेना, तर सिल भार घेत नाही. जॅक सिलखाली मात्र लावू नका. मी जॅक सिलमध्ये घुसलेला पाहिलेला आहे.

आत काय सापडतं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. गेल्या मार्चमध्ये अशीच एक चकचकीत पद्मिनी (तुमच्याच फियाटचं नंतरचं नाव) माझ्याकडे आली, तुमच्यासारखीच फोड घेऊन. उजव्या सिलला मी चार इंची ग्राइंडर लावला. पत्र्याला ग्राइंडर लागला की ठिणगी उडते. तिथे ठिणगी नाही, पांढरी भुकटी उडाली, आणि भाजलेल्या प्लास्टिकसारखा वास आला. करंगळी रुते इतका पुट्टीचा थर. त्याखाली खिडकीला लावतात ती डासांची जाळी. जाळीमागे वर्तमानपत्राचा ओला गोळा, इतका नवा की क्रिकेटची बातमी वाचता येत होती. त्याच्या मागे मूळ सिल, म्हणजे तिचा राहिलेला भाग : पापुद्रे सुटलेला, चहाच्या बिस्किटासारखा बोटाने मोडणारा. आणि तळाशी ओंजळभर लाल माती, मार्च महिन्यातही दमट. मालक शेजारी उभे होते. त्यांनी तो कागदाचा गोळा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

हे इतक्या लवकर का सडतं? आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, किनाऱ्याला खारं वारं, आणि रस्त्यावरची लाल माती चाकाने उडवून सिलच्या टोकाशी कोंबलेली. ती माती ओल धरून ठेवते. पाणी आत येणारच हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून सिलच्या तळाला पाणी निथळायची भोकं ठेवलेली असतात. वरून पट्टी मारणारा माणूस सगळ्यात आधी तीच भोकं बुजवतो. मग जुन्या आणि नव्या पत्र्याच्या मध्ये ओल अडकते. तिथे ना ब्रश पोचतो, ना प्रायमर. नवा पत्रा आतून सडायला लागतो आणि गंज बाहेर दिसतो तेव्हा त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

पुट्टीला मी वाईट म्हणत नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर एक-दोन मिलिमीटर पुट्टी लागतेच, चांगल्यात चांगला कारागीर ती वापरतो. पण पुट्टी पाणी शोषते. उघड्या पत्र्यावर सरळ पुट्टी ओढली, पाणपेपरने पाणी मारत घासली, आणि जुलैच्या दमट हवेत वर रंग चढवला, की ती ओल पत्र्याला चिकटून राहते. नुसता लाल ऑक्साईड मारूनही ती थांबत नाही, कारण त्याच्यातूनही ओल झिरपते. उघडा पत्रा साफ झाला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, ती कोरडी घासायची, पुन्हा प्रायमर. एक दिवस जास्त जातो. घाईच्या गॅरेजात हाच दिवस वाचवतात. आणि चवथीच्या आधी गाडी द्यायची म्हटलं की सगळा रंग श्रावणातच मारावा लागतो. म्हणून माझी सगळ्यांना विनंती असते : रंगासाठी डिसेंबर ते एप्रिल धरा, चवथीचा मुहूर्त धरू नका.

वेल्डिंगचं म्हणाल तर या गाड्यांचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच्यावर गेट-ग्रिलवाल्याची काठीची आर्क वेल्डिंग चालवली की पत्रा जळून भोक पडतं, भोक भरायला आणखी काठी, आणि शेवटी कोंबडीने घाण केल्यासारखी ढेकळं. ती ग्राइंडरने सपाट केली की जोडच पातळ होतो आणि आतली बारीक भोकं उघडी पडतात. तुमचे प्रकाशाचे ठिपके ते हेच. सीओटू मशीनने (त्यात बारीक वायर आपोआप पुढे सरकते आणि जोडावर गॅस सुटतो) किंवा जुन्या कसबी माणसाने गॅसने केलेलं वेल्डिंग वेगळं दिसतं : थोड्या थोड्या अंतरावर टाके, मग मधल्या जागा भरलेल्या, पत्र्याला लाट नाही. नवं काम देताना जुनं काम दाखवायला सांगा, आणि तेही रंग न चढवलेलं.

दुरुस्ती होईल का? होईल, आणि करायला हवी. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांच्या भारावर किंवा सस्पेन्शनखाली भक्कम स्टँड लावून ठेवायची. दारांच्या फटी आधी जमेल तितक्या जुळवून घ्यायच्या आणि मग दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा-तिरका टाक्यांनी पकडायचा, म्हणजे सिल कापल्यावर गाडी बसणार नाही. हा अँगल न लावता सिल कापणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. एकदा वाकलेल्या स्थितीत नवी सिल बसली की ते वाकडेपण कायमचं पक्कं झालं. एका वेळी एकच बाजू. कुजलेलं सगळं चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. नवं बसवताना आधी आतली सिल, मग मधला आधाराचा पत्रा, मग बाहेरची. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरून घ्यायची, बोटा-दीड बोटाच्या अंतराने. पाण्याची भोकं उघडी ठेवायची. जोडांवर सीलर, आणि रंग पूर्ण वाळल्यावर पोकळीत मेणाचा फवारा. जुनं इंजिन ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण ते रबरं खातं आणि पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं.

तयार सिल मिळाली तर बघून घ्या, पण मूळ सिलशी वाक जुळतो का ते गाडीवर धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. या फियाट बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन जमाना झाला. बऱ्याचदा मी ती मशीनवर दुमडूनच घेतो.

पैशांचं. फसवणूक हा शब्द कोर्टाचा आहे, पण सेवेतला दोष इथे स्पष्ट दिसतो. काहीही उघडायच्या आधी आजच्या तारखेचे फोटो घ्या : फोड, दाराची फट, चुंबक पडतं तो व्हिडिओ. दुसऱ्या अनुभवी कारागिराकडून काय सापडलं ते लेखी घ्या. पक्कं बिल नसेल तर बँकेतून किंवा फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि निरोपही पुरावाच असतात. मग गॅरेजला लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. ती जाऊ देऊ नका. त्यांनी "पुन्हा करून देतो" म्हटलं तरी सिलचं काम त्याच हातांत परत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे परत मागा.

आणि पुढच्या गॅरेजशी बोलणी करताना एकच अट घाला, ती कागदावर असू द्या : पत्र्याचं काम संपल्यावर, प्रायमरचा थेंब लागायच्या आधी, तुम्ही येऊन गाडी बघणार, फोटो काढणार, आणि मगच पुढचा हप्ता. चांगला कारागीर या अटीने दुखावत नाही. उलट त्याला बरं वाटतं. आमचं खरं काम रंगाखाली जातं ताई, ते पाहायला कुणी येत नाही याचं दुःख आम्हालाही असतं. तुमच्या आईंनाही त्या दिवशी घेऊन या. नागडा, राखाडी पत्रा पाहून त्यांना वाईट वाटेल कदाचित, पण त्यांना जोडावरून बोट फिरवू द्या.

प्रश्न : आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेली फोक्सवॅगन बीटल आमच्याकडे आहे. फ्लोअर पूर्ण गेलं आहे. एक मेस्त्री म्हणतो, जीआय पत्रा मारू, तो कधी गंजत नाही. दुसरा म्हणतो फायबर मारू. आणि फ्लोअर बदललं तर व्हिंटेज नोंदणीत अडचण येईल का? – मडगाव

उत्तर : दोन्ही नकोत. छपरावर घालतो त्या जीआय पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचं जस्त जळून जातं, म्हणजे जिथे संरक्षण हवं तिथेच ते उरत नाही. जोडही भोकाळ होतो, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी तो ताप भोगलेला आहे. फायबर तर भारच घेत नाही. बीटलचं फ्लोअर हा गाडीचा पाया आहे, बॉडी त्याच्या कडेने बोल्टने बसते. साधा सीआरसीए (थंड लाटलेला, जस्त नसलेला) पत्रा घ्या, मूळ जाडीचा, मूळ पन्हळी उठवलेला. त्या पन्हळी शोभेच्या नाहीत, त्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. सपाट पत्रा मारलेलं फ्लोअर पायाखाली डबडब वाजतं.

बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, अॅसिडने फ्लोअर तिथेच आधी जातं. नव्या पत्र्यावर बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा. चॅसिस नंबरही त्याच भागात, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. गंज घासताना तिथे ग्राइंडर लागू देऊ नका. काम सुरू करायच्या आधी फोटो काढून त्यावर जाड टेप लावून टाका. तो नंबर गेला तर गाडीची ओळख गेली.

नोंदणीचा नियम २०२१ चा आहे : पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. नव्या नोंदणीची फी वीस हजार, ती दहा वर्षांसाठी, नूतनीकरणाला पाच हजार. तुमची गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर राखता येतो. मात्र व्हिंटेज नोंदली की रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच. मूळ मापाचं, मूळ आकाराचं फ्लोअर बसवणं ही दुरुस्ती आहे. तरी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, पत्र्याचं बिल जपून ठेवा, आणि काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत एकदा विचारून घ्या.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा आहे. आजोबांची १९८५ ची अॅम्बॅसडर स्वतः दुरुस्त करायची ठरवून छोटं वेल्डिंग मशीन घेतलं, गॅस न लागणारं. पण पत्र्याला भोकंच पडतात. काय चुकतं? – पेडणे

उत्तर : बाबा, आधी मशीनच्या वायरी बघ. गॅसविना चालणाऱ्या मशीनमध्ये पोटात औषध भरलेली वायर असते, आणि तिला टॉर्च, म्हणजे हातात धरायची वेल्डिंगची नळी, उणे टोकावर लागतो. साध्या वायरीला गॅस लागतो आणि टॉर्च अधिक टोकावर. ही टोकं उलटी लागलेली मी बऱ्याच नव्या पोरांकडे पाहिली आहेत. तरीही खरं सांगतो, ती औषधाची वायर एक मिलिमीटरच्या पत्र्याला फार गरम पडते. तुझ्या मशीनला गॅसची नळी जोडायची सोय असेल तर आर्गन आणि सीओटूच्या मिश्रणाची टाकी भाड्याने घे आणि ०.८ मिलिमीटरची साधी वायर लाव, ०.६ मिळाली तर उत्तमच. पंखा बंद, दार लोटलेलं. वारा गॅस उडवून नेतो.

रेघ ओढू नकोस. टाका मार, सोड, वीतभर लांब दुसरा टाका. हात लावता येईल इतकं थंड झालं की मधे. जिथे भोक पडायची भीती तिथे मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धर. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही आणि तांबं उष्णता ओढून घेतं. पत्रा दोन्ही बाजूंनी चांदीसारखा लख्ख असला पाहिजे. गंजावर वेल्डिंग बसत नाही, तो फक्त जळतो.

गाडीला हात लावायच्या आधी महिनाभर भंगारातल्या पत्र्यावर सराव कर. दोन पट्ट्या जोड, एक पकडीत आवळ आणि दुसरी छिन्नीने उपट. टाका सपाट सुटून आला तर तो आत मुरलेलाच नव्हता, नुसता वर चिकटला होता. उपटताना टाक्याने शेजारचा पत्रा फाडून सोबत आणला, तर तो जोड खरा. असे सलग वीस टाके पत्रा फाडून निघाले की मला फोटो पाठव. सुरुवात चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूपासून कर. सिल आणि सस्पेन्शनची जागा पहिल्या वर्षी स्वतः करू नकोस, जाणत्या माणसाच्या शेजारी उभा राहून बघ.

बॅटरीची दोन्ही टोकं सोड. सीट, मॅट, दारांची कार्डं (आतली आवरणं) सगळं बाहेर काढ. सुती कपडे घाल, नायलॉन नको. घमेलंभर वाळू आणि एक माणूस जवळ असू दे, आणि काम झाल्यावर तासभर तिथून हलू नकोस, कारण मागच्या पोकळीत पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी गाडीत ठेवू नकोस. रिकामी जास्त वाईट, तिच्यात वाफ असते. ती काढ आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेव.